मिशीआडचा आवाज

सेटवर पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे एक वायर शोधणं. हातभर लांब, काळी, दोन्ही टोकांना फिरवून बसवायची धातूची टोपी. ती सापडेपर्यंत मी कुणाशी धड बोलत नसे आणि सापडल्यावरही फारसं बोलत नसे. युनिटमधले लोक म्हणायचे, साउंडवाला खडूस आहे. असेल. दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकत बसणाऱ्या माणसाला स्वतः बोलायची हौस उरत नाही.

आवाजाचा धंदा आमच्या घरातलाच. चौसाळ्याला हायवेवर वडिलांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न, कीर्तन, प्रचारसभा, गावच्या जत्रेतलं नाटक, सगळीकडे आमचेच भोंगे. आमच्या शेजारी एसटीडी बूथ होता. तो गेला, तिथे मोबाइलची रिचार्ज कार्डं लटकू लागली. मग पाटी बदलून तिथेच प्लॉटिंगवाल्याचं ऑफिस झालं. सगळंच भराभर बदलत होतं त्या वर्षांत. मी पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकलो तेव्हा सिनेमा फिल्मवर होता. कामाला लागून थोडा स्थिरावलो तोवर फिल्मचे डबे गेले आणि डिजिटल कॅमेरे आले.

पूर्वी मराठी सिनेमाच्या सेटवर कुणी काहीही बोललं तरी चालायचं. शॉट चालू असताना मागे स्पॉटबॉय भांडायचे, दिग्दर्शक ओरडून सूचना द्यायचा. सगळं नंतर स्टुडिओत डब व्हायचं. आता नव्या दिग्दर्शकांना जागेवरचा खरा आवाज हवा होता. कॅमेरा चित्र घेणार, माझा रेकॉर्डर आवाज घेणार, आणि नंतर एडिटिंगला दोन्ही जुळवायचं. त्यासाठी दोघांच्या पोटात एकेक घड्याळ असतं. तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे चोवीस तुकडे. ह्याला टाइमकोड म्हणतात. सकाळी त्या वायरीतून माझ्या रेकॉर्डरची वेळ कॅमेऱ्याला पाजायची. वायर काढली की दोघं आपापल्या चालीने चालतात आणि हळूहळू मागेपुढे होतात, म्हणून जेवणानंतर पुन्हा पाजायची. बॅटरी काढली की पुन्हा. एवढं करूनही भरवसा नको म्हणून शॉटच्या सुरुवातीला क्लॅप द्यायचा. पाटी मिटल्याचं चित्र आणि तो ठक्‌ आवाज एकावर एक ठेवले की काम फत्ते.

कागदावर सोपं आहे हे. ऑक्टोबरच्या उन्हात, माजलगावच्या धरणाकाठी, उसाच्या फडात उभं राहून रोज करून बघा. एका सिनेमाचं शूटिंग तिथे चालू होतं. कॅमेरा तापायचा. त्याच्यावर ओला पंचा टाकून ठेवावा लागे आणि तरीही तो मधूनच बंद पडे. भारनियमनामुळे गावात लाइट नसे. जनरेटर लावला तर त्याची घरघर माझ्या आवाजात येई, म्हणून तो दोन शेतांपलीकडे ठेवायला लावून मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पंधरवडाभरात माझी कंबर गेली, कान दुखायला लागले, आणि सिनेमा ह्या गोष्टीबद्दल मला काही म्हणजे काही वाटेनासं झालं.

त्या सिनेमात ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याचं काम करायला दिग्दर्शकाने माजलगावच्या मोंढ्यातला एक माणूस उचलला होता. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. हा तिथे सौदे पुकारायचा. ढिगापाशी उभं राहून, व्यापाऱ्यांच्या बोटांकडे बघत, भाव वर वर चढवत न्यायचा. उभी हयात त्यात गेलेली. आवाज असा की बाजाराच्या कलकलाटात शेवटच्या गाडीवाल्याला ऐकू जावा. सिनेमात मात्र तो हळू बोलायचा, आणि हळू बोलतानाही त्या आवाजाला बूड होतं. वय साठीच्या पुढे. पांढरीशुभ्र मिशी एवढी दाट की ओठ दिसायचेच नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांना कॉलर माइक लावताना मी चौसाळ्याचा आहे म्हटलं तर म्हणाले, "भोंगेवाल्याचं पोरगं का तुमी? तुमच्या वडलाच्या माइकवर म्या नाटकात काम केलंय. लई कुईं करायचा तो माइक."

मी हसलो. त्या पंधरवड्यात बहुतेक एवढंच हसलो असेन.

पण त्यांची एक खोड मला छळायची. बोलायला सुरुवात करण्याआधी ते डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासायचे आणि मग फाट्‌कन एक थाप मारायचे. तंबाखू मळून चुना झटकतात तशी. तंबाखू नसायची. डॉक्टरने सोडायला लावली होती, पण हात ऐकत नव्हते. माइक छातीवर, थाप त्याच्या वीतभर खाली. माझ्या कानात बंदूक सुटायची.

"काका, हात," मी म्हणायचो.

"चुकलं," ते म्हणायचे आणि पुढच्या शॉटला पुन्हा तेच. शेवटी शेवटी मी त्यांच्या हातात उपरण्याचं टोक देऊन ठेवू लागलो. मग ते बिचारे दोन्ही हातांनी ते टोक धरून बसायचे.

त्यांची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. सेटवरचं तिखट त्यांना गिळवत नव्हतं. ती ताकातल्या ज्वारीच्या पातळ कण्या आणायची. एके दिवशी दोघं लिंबाखाली बसले होते आणि मी माझ्या पेटीपाशी हेडफोन न काढताच डोळे मिटून पडलो होतो. त्यांचा कॉलर माइक चालू राहिला होता. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. लोक माइक विसरतात आणि आम्हाला नको ते कळतं. कोण कुणावर जळतो, कोण कुणाला काय म्हणालं. मी सहसा बटण बंद करतो. त्या दिवशी हात उचलायचाही कंटाळा आला होता.

"डागदर दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी या म्हनत्यात," बायको म्हणाली.

"नरड्यातली आवाजाची पेटीच काढनार म्हनं. समदी," काका म्हणाले.

"मंग काढू द्या की."

"मंग म्या बोलनार कसा?"

थोडा वेळ नुसता चमच्याचा आवाज. मग ती म्हणाली, "जाऊ द्या आवाज. तुमी ऱ्हावा."

मी उठून बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या छातीवरच्या माइककडे बघितलं. डबा झाल्यावर सरळ माझ्यापाशी आले.

"ऐकलं न्हवं?"

मी मान हलवली.

"कुनाला सांगू नगा. आजारी हाय म्हनून काढून टाकतील. आन ह्यात आवाज माजाच ऱ्हानार हाय ना? का दुसऱ्याचा लावत्यात?"

"तुमचाच राहणार," मी म्हणालो. "म्हणून तर मी आलोय."

"मंग झालं. गेल्यावर कुठंतरी ऱ्हावा बगा तो. बाकी काई न्हाई."

एखाद्याने पिशवी सांभाळायला द्यावी तसं ते सहज बोलले आणि शॉटला गेले. माझ्यावर मात्र ओझं पडलं. पंधरवडाभर ज्या कामाचा वीट आला होता ते काम एकदम नीट व्हायलाच हवं असं झालं, आणि थकलेल्या माणसाला ह्याच्याइतकं जड काही नसतं.

त्यांचा सगळ्यात मोठा प्रसंग खंडेनवमीच्या दिवशी ठेवला होता. दसऱ्याला युनिटला सुट्टी, आणि त्यानंतर ते येणार नव्हते. दिग्दर्शकाला त्यांनी घरचं कार्य आहे म्हणून सांगितलं होतं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर-विळे मांडतो, सुतार करवत मांडतो, आमचे वडील भोंग्यांना झेंडूच्या माळा घालायचे. आमचा निर्माता तिथलाच बागायतदार, राजकारणातला. त्याच्या आईने, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो, सकाळीच वाड्यापुढच्या मांडवात पाट मांडले आणि सगळी यंत्रं आणायला सांगितली. कॅमेरा, माझा रेकॉर्डर, लाइटचा मीटर, क्लॅप, वायरींचं भेंडोळं, सगळं पाटावर. यंत्रांना विसावा म्हणून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही काढून ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, नारळ फुटला. दिग्दर्शक घाईने कॅमेरा उचलायला गेला तर आजी म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावत न्हाईत."

आता आली का पंचाईत! दिग्दर्शक पुण्याचा. तो हात जोडून शेड्यूल समजावून सांगू लागला. निर्माता आईपुढे गप्प. बऱ्याच वाटाघाटींनंतर तोडगा निघाला. कॅमेरा आणि रेकॉर्डर कामाला उठतील, पण देवापाशी काहीतरी राहिलंच पाहिजे. ते काय, तर क्लॅप, मीटर आणि वायरींचं भेंडोळं. भेंडोळ्यात माझी ती हातभर वायर, कुंकू लागलेली.

"आजी, ती पाटी आणि ती एक वायर तरी द्या," मी म्हणालो.

"उद्या शिलंगणाला घे."

"उद्या सुट्टी आहे हो."

"मंग परवा घे," त्या म्हणाल्या आणि वायरीवर अजून एक झेंडू ठेवला.

आमच्याकडे अशा वेळी कुणी वाद घालत नाही. मीही त्याच मातीतला. जास्त बोललो असतो तर वडिलांना काय वाटलं असतं, असंही मनात आलंच. कॅमेऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या अटेंडंटला मी लांबूनच विचारलं, "वेळ?" त्याने अंगठा वर केला. कॅमेऱ्याच्या पेटीतल्या दुसऱ्या एखाद्या वायरीने त्याने जुळवून घेतली असेल, असं मी धरून चाललो. क्लॅपऐवजी प्रत्येक शॉटला कॅमेऱ्यापुढे हाताने टाळी द्यायची असं ठरलं, आणि त्याप्रमाणे दिवसभर टाळ्या वाजल्या.

संध्याकाळच्या आधी, ऊन उतरल्यावर, काकांचा प्रसंग होता. घरची माणसं ऊसतोडीला निघायच्या तयारीत, आणि म्हातारा ओट्यावर बसून आतल्या बायकोशी बोलतो. काय बोलायचं ते दिग्दर्शकाने त्यांच्यावरच सोडलं होतं. दोन-तीन टेक झाले, टाळ्यांसकट. ठीक होते, पण काका टाळीने दचकत आणि मग पाठ केल्यासारखं बोलत. मध्येच कॅमेरा तापून बंद पडला. ओला पंचा टाकून तो पुन्हा सुरू करेपर्यंत काका ओट्यावर तसेच बसून होते, उसाकडे बघत. दिग्दर्शकाला तो चेहरा दिसला. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेनेच कॅमेरा सुरू करायला लावला. टाळी नाही, 'अॅक्शन' नाही, काही नाही. मी रेकॉर्डर चालू केला. टाइमकोड आहेच, म्हटलं.

काका बोलले. बायकोला हाक मारली, पाणी मागितलं, आणि मग घराला कुलूप लावताना काय काय बघायचं ते सांगत बसले. चूल विझव, मांजर आत कोंडू नको, कोनाड्यातला दिवा शेजारी दे. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. मी हेडफोन हातांनी दाबून धरला होता आणि माझे डोळे वाहत होते. हा आवाज दोन-तीन दिवसांनी नसणार, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

पुण्यात एडिटिंग सुरू झालं आणि काही दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. त्या प्रसंगाचा आवाज बसत नव्हता. मी गेलो. बघतो तर कॅमेऱ्याची वेळ आणि माझी वेळ ह्यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. अटेंडंटला फोन लावला.

"अरे, वेळ लावली होतीस ना?"

"लावली की सर. वायर देवापाशी होती, म्हणून मोबाइलमधे बघून लावली."

सेकंदाचे चोवीस तुकडे आणि हा मोबाइलमध्ये बघून लावतोय. त्यातही मधे कॅमेरा बंद पडला तेव्हा ती वेळही पुसली जाऊन शून्यापासून सुरू झालेली. त्याला रागावून काय उपयोग होता? त्याने देवाचा मान राखला आणि आपल्या परीने कामही केलं. बाकीच्या शॉट्सना हाताची टाळी होती, ते जुळले. हा एकच नागडा राहिला.

अशा वेळी ओठांवरून जुळवतात. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे आवाज ठेवायचा. इथे ओठ कुठे होते? नुसती मिशी हलत होती, आणि ती कुठल्या शब्दाला हलतेय ते कळत नव्हतं. आवाज थोडा पुढे ठेवावा तर माणूस आणि बोलणं सुटं वाटे, मागे ठेवावा तरी तेच. सबंध सकाळ मी तेच ते पुढेमागे करत बसलो. शेवटी माझ्या कानांना काहीच कळेना.

"त्यांनाच बोलावू ना डबिंगला," दिग्दर्शक म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं. आवाज नाही आता त्यांना. काढलाय.

त्याने निर्मात्याला फोन लावून हे सांगितलं. निर्माता व्यवहारी. त्याने फोनवरच निकाल दिला, "मग दुसऱ्याचा घ्या. एवढी मिशी आहे, कुणाला कळतंय?" खरंच होतं ते. कुणालाही कळलं नसतं. दुपारी एक नावाजलेला डबिंग कलाकार यायचा ठरला.

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. आजींचा, अटेंडंटचा, तापणाऱ्या कॅमेऱ्याचा की त्या मिशीचा. मी त्या माणसाला शब्द दिला होता. डबिंगवाला येईपर्यंत मी शॉट पुन्हा अगदी पहिल्यापासून लावला, बोलणं सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून, जो भाग कुणी बघतच नाही. काका नुसते बसलेत. उसाकडे बघतायत. उपरण्याचं टोक हातातून कधीच सुटलंय. आणि मग त्यांचा अंगठा डाव्या तळहातावर फिरू लागला.

मी खुर्चीत पुढे सरकलो.

फाट्‌कन थाप. चित्रात तळहातावर तळहात. आवाजात मी पटकन मागे गेलो, आणि तिथे ती होतीच. सपाट रेघेत एकदम वर उठलेली ती बंदूक, जिच्यासाठी मी पंधरवडाभर त्यांना टोकत आलो होतो. एकावर एक ठेवली. मिशी हलली आणि शब्द तिच्यातूनच बाहेर पडला. पुढचं सगळं आपोआप बसत गेलं. चूल, मांजर, दिवा.

मी मोठ्याने शिवी दिली. एडिटर दचकला. दिग्दर्शकाने धावत येऊन बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारी तो नावाजलेला कलाकार आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग मी घरी जाऊन झोपलो, दुसऱ्या दिवसापर्यंत.

सिनेमा लागायला वेळ होता. उन्हाळ्यात चौसाळ्याला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन माजलगाव गाठलं. काका पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते. वाळले होते. गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं, त्याच्या मागून श्वासाची शिट्टी यायची. मिशी तशीच. मला बघून त्यांनी दोन्ही हात धरले. मग तळहातावर थाप मारली.

"आले," आतून बायकोचा आवाज आला. ती डोकावली, मला बघून हसली. "आता असंच बोलवत्यात बगा. बसा, च्या ठेवते. भाकरी पन खाऊन जावा." आणि आत गेली. परातीत पीठ मळल्याचा आवाज सुरू झाला.

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. तो शॉट मी मुद्दाम थोडा आधीपासून घेतला होता, काकांना दाखवायला की बघा, ह्या तुमच्या खोडीने तुमचं काम वाचवलं. आवाज वाढवला. पडद्यावरचे काका उसाकडे बघत बसले होते. मग थाप वाजली.

"आता काय?" ती आतून म्हणाली. "हात पिठात हायत माजे. सारकं सारकं कावून बोलवताय?"

आणि लॅपटॉपमधून आवाज आला, "अगं ए, ऐकतीस का?"

आत परातीचा आवाज थांबला. मी बंद करायला हात पुढे केला, पण काकांनी माझं मनगट धरलं. ती दारात आली. कोपरापर्यंत पीठ. तिने लॅपटॉपकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, त्या मिशीकडे.

"पानी आन गं जरा," आवाज म्हणाला.

ती वळून आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. पिठाच्या हातांनीच तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. इकडे आवाज बोलतच होता, चूल विझव म्हणत होता.

"घ्या," ती म्हणाली. "लई दिसांनी हाक मारली तुमी."

काकांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि हळूहळू, सांभाळून, सगळं पाणी प्यायले.